पूल कुणाच्या पायांसाठी?

मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी कोसळला आणि चौघांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. तरीही त्या रविवारी पुलावर मोठी गर्दी होती आणि पायी जाण्याच्या त्या अरुंद वाटेवर दुचाक्याही शिरल्या होत्या. त्यानंतर चर्चा झाली ती पर्यटकांच्या बेशिस्तीची आणि रखडलेल्या नव्या पुलाची. ती रास्तच होती. पण पायी पुलावर चाके का येतात, हा प्रश्न मागेच राहिला.

नवा पादचारी किंवा सायकल पूल ठरतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातात. ‘पूल हवा का?’ या प्रश्नाला नाही कोण म्हणणार? विचारायला हवे ते वेगळेच. रोज कोण ओलांडणार, सोबत काय घेऊन आणि किती वाजता?

रस्त्यावरून जाणाऱ्या पुलाचा हिशेब सोपा आहे. खालून अवजड वाहने जायची तर साधारण साडेपाच मीटर उंची सोडावी लागते. पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर चढायला सदतीस पायऱ्या आणि उतरायला तेवढ्याच. जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो. संधिवाताची आजी, सातव्या महिन्यातली गरोदर बाई, दम्याचा रुग्ण हे सगळे अशा पुलाकडे एकदा बघतात आणि खालूनच रस्ता ओलांडतात. याला बेशिस्त म्हणणे सोपे आहे. २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडले.

जिन्याऐवजी उतार द्यायचा, तर चाकाच्या खुर्चीसाठी तो एकास बारा असावा लागतो. म्हणजे एका बाजूला ६६ मीटर, मधले थांबे वेगळेच. जागा लागते आणि खर्च वाढतो, म्हणून आराखड्यातून पहिला उतारच गळतो. मग सायकलवाल्याने सायकल खांद्यावर घ्यायची!

तुमसर तालुक्यातील चिखल्यासारख्या मँगनीजच्या खाणगावात असा पूल उद्या ठरला, तर पाळी सुटण्याच्या वेळी तो कसा वापरला जाईल, हे कामगारच सांगू शकेल. हँडलला डबा, मागे लाकडाची मोळी आणि खाणीत वर्षे काढल्यावर उरलेला दम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. २०२२ च्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांचा तेवढाही होत नाही. पायी किंवा सायकलने कामावर जाणाऱ्याचा तो आपोआप होतो. चुकीच्या जागी बांधलेला पूल त्यालाही दुचाकीवर बसवतो, आणि रक्तदाब व साखर यांचे रुग्ण पुढच्या दहा वर्षांत दवाखान्यात दिसू लागतात.

विचारण्याची सोय कायद्यात आहेच. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. पाणी, सरपण, शाळा, दवाखाना यांसाठी पायी फिरणाऱ्यांत बायकाच जास्त. पुलाचा नकाशा त्या सभेत, सही होण्याआधी ठेवला, तर जिना कुठे नको हे अर्ध्या तासात कळेल. सध्या तो बहुतेक ठिकाणी भूमिपूजनाच्या फलकावरच पहिल्यांदा दिसतो.