अर्ध्या दिवसाची हजेरी

परवा वसुबारसेच्या संध्याकाळी आमचे चिरंजीव कचेरीतून आले ते मोबाईल माझ्यापुढे धरूनच. पगाराची पावती हल्ली कागदावर मिळत नाही, त्या चौकोनात पाहायची असते.

"बाबा, हे दर महिन्याला दोनशे रुपये कसले कापतात? फेब्रुवारीत तर तीनशे! म्हणे व्यवसाय कर. मी कुठे व्यवसाय करतो? मी नोकरी करतो!"

सौभाग्यवती करंज्या तळत होत्या. झारा तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांच्या पगारातूनही हा कर जन्मभर कापला गेला. ते कधी हूं की चूं बोलले नाहीत."

हे खरे आहे. पण माझ्या गप्प बसण्यामागे काही उदारपणा होता, असे मात्र वाचकांनी समजू नये. त्याची हकीकत वेगळी आहे. ती मी घरातही कधी सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी सांगितली, आणि आता इथे लिहितो.

हा कर महाराष्ट्रात १९७५ सालापासून आहे, आणि तो बसवला गेला रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने वर्षाकाठी थोडे द्यायचे, तेवढीच भर सरकारने घालायची, आणि खेड्यात मागेल त्याला काम मिळवून द्यायचे, असा तो हिशेब. योजनेचे जनक वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. १९६५ साली तासगाव तालुक्यात त्यांनी तिचा लहानसा प्रयोग केला होता. पुढे १९७२ चा दुष्काळ आला, आणि प्रयोगाची गरज साऱ्या राज्याला पटली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती.

त्या पन्नास लाखांत मीही होतो. फक्त माझ्या हातात कुदळ नव्हती, पेन होते.

आमचे गाव उस्मानाबाद जिल्ह्यातले. (जिल्ह्याचे नाव २०२३ पासून धाराशिव झाले आहे.) मी तेव्हा अठरा वर्षांचा. शाळा संपली होती, घरी खाणारी तोंडे सहा. ओळखीने एका नाला-बांधाच्या कामावर हंगामी कारकुनाची जागा मिळाली. सकाळी हजेरी घ्यायची, दुपारी पुन्हा मोजायची, आठवड्याने मस्टर वर पाठवायचे. उन्हाने दगड तापलेले असत. बायका डोक्यावर पाट्या घेऊन ओळीने चालत. जेवणाच्या सुट्टीत सुकडी वाटली जाई, आणि घरोघरी तांबड्या मिलोच्या भाकरी असत. त्या भाकरीची चव ज्यांनी घेतली आहे, त्यांना मी वर्णन करून सांगायला नको.

एक म्हातारी होती. सून पाट्या वाही आणि म्हातारी माती ओढी. दोघींची नावे मस्टरवर. एके दिवशी सुनेचे पोर तापाने फणफणले. दुपारनंतर म्हातारी त्याला मांडीवर घेऊन बाभळीच्या पातळ सावलीत बसून राहिली. मोजणीच्या वेळी मला म्हणाली, "काय करू लेकरा, खाली ठिवलं की रडतंय. तू लिव्ह की म्होरं." वरून सक्त ताकीद होती : जो बसलेला दिसेल त्याचा अर्धा दिवस. मी अर्धा दिवस लावला. त्या वेळी दिवसाची मजुरी होती दोन-अडीच रुपये. म्हणजे रुपया-सव्वा रुपया कापला.

दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचे एक आमदार कामावर आले. आमच्या जिल्ह्याला विरोधी बाकांचे अप्रूप नव्हते. शेतकरी कामगार पक्षाचे उद्धवराव पाटील इथलेच. वकील, हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते, विधानसभेत उस्मानाबादचे प्रतिनिधी आणि पुढे १९७७ साली लातूरहून लोकसभेवर निवडून गेलेले. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याचे गणपतराव देशमुख. आमच्या कामावर आलेले गृहस्थ एवढ्या नावाचे नव्हते. धोतर, धुळीने भरलेल्या वहाणा, खिशात एक डायरी. भाषण होईल म्हणून बायका गोळा झाल्या, तर ते म्हणाले, "तुमचा खाडा होईल, कामाला लागा." मग माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "मस्टर बघू."

एकेका नावावर बोट ठेवीत ते वाचत गेले. म्हातारीच्या नावापाशी थांबले.

"हा अर्धा का?"

"साहेब, दुपारी बसून होती."

"बसून काय करीत होती?"

"नातवाला घेऊन होती. आजारी होता."

"पोरे सांभाळायला इथे कुणी नेमले आहे?"

मी गप्प.

"मग ते काम तिने केले की! त्याचा अर्धा दिवस कुठे लिहिलात?"

माझे कान तापले. ते पाहून ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला नाही विचारत. ज्यांनी हे सांगितले त्यांना विचारीन." डायरीत दोन ओळी लिहून ते पुढच्या कामावर गेले. मला रागावले असते तर बरे वाटले असते. मस्टरवर खाडाखोड चालत नाही, असे वरिष्ठांनी सांगितले. म्हातारीला अर्धीच मजुरी मिळाली. तो रुपया मी माझ्या पगारातून देऊ शकलो असतो. दिला नाही. पंधरा दिवसांनी ती सासू-सून दुसऱ्या कामावर गेली, ती पुन्हा दिसली नाही.

रोजगार हमीचा कायदा १९७७ साली दोन्ही सभागृहांनी एकमताने केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तेव्हा विरोधी पक्षनेते होते तेच सांगोल्याचे गणपतराव. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, अशी त्यात सोय झाली. कामावर पिण्याचे पाणी, सावली, लहान मुलांना सांभाळायची व्यवस्था, हेही नियमांत आले. वाचताना प्रत्येक वेळी मला ती बाभूळ दिसते. एका डायरीतल्या दोन ओळींनी कायदा होत नाही, हे मला कळते. पण राज्यभर अशा किती डायऱ्या भरल्या असतील?

गेल्या वर्षी येडशीच्या रामलिंगाला गेलो होतो. आमच्या जिल्ह्यात शंभर एकरांमागे एक एकरसुद्धा जंगल नाही. जे आहे त्यातला मोलाचा तुकडा म्हणजे बालाघाटाच्या कुशीतले हे रान. १९९७ साली त्याचे अभयारण्य झाले. अशा उजाड मुलखात झाड आपोआप वाढत नाही. रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या, उतारावर चर खणायचे, खड्डे घ्यायचे, उन्हाळ्यात पाणी घालायचे, वणव्याआधी जाळरेषा काढायच्या. ही कामे करणारा माणूस वर्षानुवर्षे रोजंदारीवर. झाड पंधरा वर्षांचे होते, आणि त्याला पाणी घालणारा कागदोपत्री कालच आलेला असतो.

ह्याचा निकाल लागला तो आम्हा पुणेकरांच्या पायांखाली. तळजाईच्या टेकडीवर मी रोज सकाळी फिरायला जातो. पाचगाव-पर्वतीचे हे वन उभारणाऱ्या वन खात्याच्या रोजंदारी मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सरकारचे म्हणणे, वनीकरण हा उद्योग नव्हे. डिसेंबर १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितले की ह्या कामाला उद्योगच म्हणावे लागेल, आणि माणसांना वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवून कायमपणाच्या हक्कापासून दूर ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. हे शब्द न्यायालयाने आपल्या पदरचे घातले नव्हते. आपल्याच विधिमंडळाच्या १९७१ च्या कायद्यात ते लिहिलेले होते.

सरकारपक्षाचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. वनीकरण हंगामी असते. सगळ्यांना कायम केले तर पैसा पगारात जाईल आणि रोपे कशातून आणायची? विरोधी आमदाराला तिजोरी सांभाळायची नसते, त्याचे मागायला काय जाते? मलाही नोकरीत असताना असे वाटे. पण एका हंगामाचे काम दहा वर्षे चालले, तर त्याला हंगामी म्हणणे ही केवळ लिहिणाऱ्याची सोय झाली. सत्तेतल्या आमदाराला खात्याची अडचण आधी कळते. विरोधी बाकावरच्याला मजुराची आधी कळते, कारण दुसरे कुणी त्याच्याकडे येत नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना ही त्याची हत्यारे. मतदानात तो बहुधा हरतो, पण मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि ते छापले जाते.

२०१२ साली सरकारने साडेसहा हजारांवर रोजंदारी वनमजुरांना कायम केले. अट अशी होती : नोव्हेंबर १९९४ ते जून २००४ ह्या काळात पाच वर्षे, दर वर्षी किमान २४० दिवस काम केलेले असावे. दोनशे चाळीस! ही अट वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. कुणाचे तरी दोनशे एकोणचाळीस भरले असतील. कुठल्या तरी माळावर, कुठल्या तरी अठरा वर्षांच्या पोराने कुणाचा तरी दिवस कापला असेल, आणि तो दिवस जन्मभराच्या भाकरीचा होता हे त्याला ठाऊकही नसेल.

एवढे सांगून झाले तेव्हा करंज्यांचे तेल निवले होते. चिरंजीव जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबा, तो रुपया आज किती झाला असेल?"

मी म्हणालो, "त्याचा हिशेब मी दर महिन्याला दोनशे रुपयांनी फेडत आलो असे स्वतःला सांगत होतो. पण ते पैसे पगारातून परस्पर कापले जात होते. मी हाताने दिलेला त्यात एकही नव्हता."

सौभाग्यवतींनी ताटात चार करंज्या घातल्या आणि दारावरच्या पहारेकऱ्याला नेऊन द्यायला सांगितले. त्याची रात्रपाळी होती. मी उठलो. जाता जाता त्याला विचारले, दिवाळीची सुट्टी मिळते का. तो म्हणाला, "मिळते साहेब. पण त्या दिवसाचा खाडा पडतो."