शिवण घरीच बुजवा

तंबूच्या शिवणी कारागिराकडूनच बुजवून घ्याव्यात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत सरसकट पटत नाही. आधी कापड कोणते ते पाहावे. सिलिकॉनचा लेप असलेल्या नायलॉनवर सिलिकॉनच धरते. पॉलियुरेथेनच्या लेपाला युरेथेनचा सीलंट लागतो. इथे गफलत झाली, तर पैसे मोजून केलेले कामही पापुद्र्यासारखे सुटते. बाकी तंबू ताणून उभा करायचा, शिवण स्पिरिटने पुसायची, ब्रशने पातळ थर द्यायचा आणि रात्रभर वाळू द्यायचे. (मोकळ्या हवेत, वास उग्र असतो.) शिवणीवरची जुनी टेप जागोजाग सुटलेली असेल, तर ती सोलणे मात्र कटकटीचे, तिथे खुशाल मजुरी द्यावी. सह्याद्रीत जुलैत मुक्काम ठोकणाऱ्यांनी हे काम मे महिन्यातच उरकावे.

– एक गिरिभ्रमणप्रेमी, नाशिक