ब्रेकच्या नळीला ठिगळ नको

जुन्या मोटारीच्या ब्रेकची नळी एका ठिकाणी गळू लागली की तेवढ्याच जागेला डाग देऊन वेळ निभावून नेण्याची प्रवृत्ती आपल्याकडे फार आहे, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत तिच्याइतकी घातक काटकसर दुसरी नसेल. कारण ज्या चिखलपाण्याने ती एक जागा खाल्ली, त्याच चिखलपाण्यात बाकीच्या नळ्याही तितकीच वर्षे भिजलेल्या असतात. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घराघरांत पोहोचलेली फियाट 1100 ही गाडी आज अनेक हौशी मालक स्वतःच्या हातांनी सांभाळतात. त्यांच्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच.

या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला, म्हणजे ब्रेकच्या मुख्य पंपामधला दट्ट्या ब्रेक ऑइलवर दाब देतो, तो दाब नळ्यांमधून प्रत्येक चाकाजवळच्या व्हील सिलिंडरपर्यंत जातो, आणि तेथील लहान दट्टे ब्रेक शूंना ड्रमवर घट्ट टेकवतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात मांडलेले तत्त्व या रचनेचा पाया आहे. पायाचा जोर 100 पौंड, पेडलची तरफ पाचपट आणि दट्ट्याचा व्यास पाऊण इंच असा हिशेब मांडला, तर नळीच्या आत दर चौरस इंचावर सुमारे 1100 पौंड दाब येतो. साठच्या दशकातल्या या गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर आणि एकाच द्रवमार्गावर अवलंबून असतात. नंतरच्या काळातल्या मोटारींप्रमाणे दोन स्वतंत्र मार्ग नसल्यामुळे एक नळी फुटली तरी पेडल थेट जमिनीला टेकते आणि उरतो तो फक्त हँडब्रेक. अशा गाडीत ब्रेकची नळी हा किरकोळ सुटा भाग मानताच येत नाही.

गळती शोधताना नजर आधी क्लिपांखाली जावी. नळी जेथे क्लिपने बॉडीला आवळलेली असते, तेथे पावसाळ्यातला चिखल अडकून महिनोन्‌महिने ओला राहतो, आणि एरवी धडधाकट दिसणारी नळी नेमकी तेथेच गंजून पोखरली जाते. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर मात्र दोष बहुधा नळीचा नसून व्हील सिलिंडरमधल्या रबरी वायसरचा असतो. ब्रेक ऑइल ग्लायकॉलजन्य असल्यामुळे पाण्यात मिसळते, म्हणून बोटावरचा चिकट थेंब साध्या पाण्याने धुऊन गेला तर तो इंजिन ऑइलचा नव्हे, हे लगेच कळते. हेच द्रव्य रंग उचलून टाकते. ते बॉडीवर सांडले तर तत्काळ पाणी ओतावे.

नव्या नळीसाठी फ्रिज दुरुस्तीच्या दुकानातली तांब्याची नळी आणण्याचा मोह होतो, कारण ती स्वस्त असते आणि हाताने वळते. तो टाळलाच पाहिजे. शुद्ध तांबे सततच्या हादऱ्यांनी कडक होत जाते आणि एके दिवशी चिरते. मूळची नळी दुहेरी भिंतीच्या पोलादाची असते. तशीच घेता येते, किंवा तांब्यात सुमारे दहा टक्के निकेल मिसळलेल्या मिश्रधातूची घ्यावी, जी गंजत नाही आणि तरीही सहज वळते. मूळ स्वरूप जपण्याच्या आग्रहापायी काही मालक पोलादच पसंत करतात; प्रदर्शनातल्या गाडीसाठी तो आग्रह समजण्यासारखा आहे, परंतु कोकणच्या खाऱ्या हवेत रोज धावणाऱ्या गाडीसाठी मिश्रधातूच योग्य.

या कामाचा खरा कस फ्लेअरमध्ये, म्हणजे जोडाच्या नटात बसवण्यासाठी फुलवलेल्या नळीच्या टोकात लागतो. नळी करवतीने न कापता पाइप कटरने कापावी, आतली धार खरवडून काढावी, आणि टोक फुलवण्याआधी नट नळीवर ओवून घ्यावा, कारण फुललेल्या टोकावरून तो पुन्हा चढत नाही. त्यानंतर नळी साच्यात आवळून पहिल्या दाबाने टोक फुगवायचे आणि दुसऱ्या दाबाने, शिंपी कापडाची कड दुमडतो त्याप्रमाणे, ते आत वळवायचे. या दुहेरी दुमडीलाच डबल फ्लेअर म्हणतात. तयार झालेले टोक भिंगाखाली धरून पाहावे. कड एका बाजूला झुकलेली असेल किंवा केसाएवढी चीर दिसत असेल, तर ते टोक निःसंकोच कापून टाकावे. कारागिराला दिवसाकाठी चार गाड्या हातावेगळ्या करायच्या असतात, तेव्हा इतकी चिकित्सा त्याच्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे ठरेल. घरी काम करणाऱ्यापाशी हाच वेळ असतो, आणि घरच्या कामाचे सर्वांत सबळ समर्थन तेच आहे. जुने नट सोडवण्यासाठी साधा पाना चालत नाही, कारण तो घसरून नटाचे कोपरे गोल करतो. नळीवरून सरकवता येईल असा, तोंडाशी फट असलेला फ्लेअर नट पानाच लागतो. गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये, तिला भक्कम घोड्यांवर टेकवावे.

नळ्या बसल्यावर आतली हवा काढावी लागते, कारण हवा दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागते. स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूर असलेल्या मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करावी. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने ब्लीडर निपल, म्हणजे चाकाजवळचा हवा सोडण्याचा स्क्रू, क्षणभर सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे, आणि निपल आवळल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही. मध्येच मास्टर सिलिंडरच्या टाकीतले ऑइल तळाला गेले, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. शेवटी पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडाभोवती कोरडा पांढरा कागद फिरवावा. हवेतली आर्द्रता शोषल्यामुळे ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू घसरतो, डॉट 3 प्रतीच्या बाबतीत किमान 205 अंशांवरून 140 अंश सेल्सिअसपर्यंत; म्हणून ते दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा सरल्यावर, बदलून घ्यावे.