नकाशा तक्त्यात कसा मावतो?

मित्रांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्या वर्गाच्या हजेरीपटावरून काय काय सांगता येईल? कोण किती दिवस आलं, कोणी किती दांड्या मारल्या, मुली किती, मुलगे किती. बरोबर? आता मी विचारलं, ‘‘शाळेपासून सर्वांत लांब कोण राहतं?’’ तर? हजेरीपट गप्प! शेजारी पत्त्याचा रकाना असला तरी गप्पच. कारण ‘मारुतीच्या देवळामागे, सुतार आळी’ एवढं वाचून पोस्टमनकाकांना घर सापडेल. पण दोन पत्त्यांची वजाबाकी काही करता येत नाही.

मग जागा तक्त्यात लिहायची तरी कशी? आणि आकडेमोड करता येईल अशी ती लिहिली, तर तक्ता कोणते नवे प्रश्न सोडवू लागेल? हे समजून घ्यायला आपण लंडनला जाऊ या. तेही १८५४ सालच्या लंडनला!

त्र्याऐंशी नोंदी

३१ ऑगस्ट १८५४ रोजी लंडनच्या सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ भडकली. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्याच्या आसपास दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसं दगावली. पटकी घाणेरड्या हवेतून पसरते, असं तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांचं ठाम मत होतं. डॉक्टर जॉन स्नो यांना मात्र पाण्याचा संशय होता. त्या भागातले पुष्कळ लोक रस्त्यावरच्या हातपंपाचं, म्हणजे आपल्या भाषेत हापशाचं, पाणी भरत असत.

स्नो यांनी मृत्यूंच्या नोंदी करणाऱ्या सरकारी कचेरीतून यादी मिळवली. साथीच्या पहिल्या तीन दिवसांतले ८३ मृत्यू त्यांनी तपासायला घेतले. नुसती यादी वाचून काय कळणार? ते त्या वस्तीत स्वतः पायी फिरले आणि प्रत्येक घराला सर्वांत जवळचा पंप कोणता, ते पाहिलं. ८३ पैकी फक्त १० मृत्यू असे निघाले, की ज्यांच्या घराला दुसराच एखादा पंप अधिक जवळ होता. उरलेले ७३ सगळे ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या बाजूचे!

स्नो यांच्याजवळ संगणक कुठला असणार? पण समजा, हेच काम आज आपल्याला संगणकावर करायचं आहे. कसं कराल?

दोन तक्ते, एक प्रश्न

१९७० साली आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड या गणितज्ञाने माहिती साठवण्याची एक साधी-सोपी पद्धत सुचवली. सगळी माहिती तक्त्यांत ठेवायची. एका वस्तूची एक रांग, एका गुणाचा एक रकाना. अशा तक्त्याला त्यांनी गणितातला ‘रिलेशन’ हा शब्द वापरला, म्हणून अशा माहितीसाठ्याला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. बँकेतली खाती, रेल्वेचं आरक्षण, परीक्षेचे निकाल अशा किती तरी ठिकाणी हीच पद्धत वापरतात.

या पद्धतीची खरी गंमत दोन तक्ते जोडण्यात आहे. एका तक्त्यात हजेरी क्रमांक आणि नाव, दुसऱ्यात हजेरी क्रमांक आणि गुण. क्रमांक जुळला, की नावासमोर गुण आलेच.

आता आपले दोन तक्ते घ्या. एक मृत्यूंचा, एक पंपांचा. यांच्यात सारखा क्रमांक कुठे आहे? कुठेच नाही. कोण कुठल्या पंपावर जाई, याची नोंद कोणीच ठेवलेली नव्हती. दोन्हींत समान अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जागा. म्हणून दोन्ही तक्त्यांत एक रकाना वाढवायचा आणि त्यात अक्षांश-रेखांश भरायचे. ब्रॉड स्ट्रीटचा पंप साधारण ५१.५१३३ उत्तर आणि ०.१३६७ पश्चिम इथे होता. झाला त्याचा बिंदू तयार! रस्ता असेल तर बिंदूंची माळ, म्हणजे रेषा. शेत, तलाव किंवा तालुका असेल तर सुरुवातीच्या बिंदूशी परत येणारी माळ, म्हणजे बहुभुजाकृती. बिंदू, रेषा आणि बहुभुजाकृती या तीन आकारांत नकाशावरच्या बहुतेक गोष्टी बसवता येतात.

मग डेटाबेसला विचारायचं, ‘‘प्रत्येक मृत्यूला सर्वांत जवळचा पंप शोध आणि पंपागणिक मृत्यू मोजून दाखव.’’ इथे तक्ते क्रमांकाने नाही, तर जवळिकीने जोडले जातात. असं काम करणारी ‘पोस्टजीआयएस’ नावाची प्रणाली २००१ साली आली. ती फुकट मिळते आणि जगभर वापरली जाते.

पिनकोडची युक्ती

थांबा, थांबा! एक अडचण आहे. ८३ मृत्यू आणि समजा १३ पंप असतील, तर ८३ गुणिले १३ म्हणजे १०७९ अंतरं मोजावी लागतील. संगणकाला हे किरकोळ. पण १ कोटी घरं आणि १ लाख विहिरी असतील तर? गुणाकार करून पाहा. एकावर बारा शून्यं! संगणकालासुद्धा घाम फुटेल.

यावरची युक्ती आपल्या पोस्टाला चांगली ठाऊक आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिनकोड सुरू झाला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर पोस्टातले मोठे अधिकारी होतेच, शिवाय संस्कृतचे कवीही होते. पिनकोडचा पहिला आकडा ४ दिसला, की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडकडे जाणार. ४११ दिसलं, की पुण्याकडे. बाकीचा देश शोधायचं कारणच उरत नाही.

डेटाबेसही तेच करतो. जवळजवळच्या वस्तूंभोवती तो एक चौकट कल्पितो, अशा काही चौकटींभोवती आणखी मोठी चौकट, आणि तिच्याभोवती त्याहून मोठी. शोधताना आधी मोठ्या चौकटी पाहायच्या. जी लांब आहे ती आतल्या सगळ्या वस्तूंसकट बाद! १९८४ साली अँटोनिन गटमन यांनी मांडलेल्या या रचनेला ‘आर-ट्री’ म्हणतात. फरक एवढाच, की पिनकोडचे विभाग एकमेकांवर चढत नाहीत, या चौकटी मात्र चढू शकतात. तेव्हा कधी कधी दोन-तीन चौकटींत डोकवावं लागतं.

अंश म्हणजे किलोमीटर नव्हे

आता दोन खाचखळगे, जिथे मोठी माणसंही अडखळतात. पहिला : आपण ‘अक्षांश-रेखांश’ असं म्हणतो, पण पोस्टजीआयएसमध्ये आधी रेखांश लिहायचा असतो आणि मग अक्षांश. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ आणि रेखांश ७३.९. यांची अदलाबदल झाली, तर आपलं पुणं नॉर्वेच्या उत्तरेला, थंडगार समुद्रात जाऊन पडतं! तक्ता मात्र काही कुरकुर करत नाही, कारण आकडे दोन्ही खरेच असतात.

दुसरा : रेखांशाचा एक अंश म्हणजे विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर. पुण्याजवळ तो सुमारे १०६ किलोमीटर भरतो आणि लंडनला अवघा ६९. कारण रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात. म्हणून अंशांची नुसती वजाबाकी करून ‘हे जवळ, ते लांब’ ठरवलं तर गाडी घसरलीच. आकडे कोणत्या पद्धतीचे आहेत, ते डेटाबेसला आधी सांगावं लागतं. जीपीएस वापरतं त्या पद्धतीसाठी ४३२६ हा क्रमांक ठरलेला आहे.

न बसणाऱ्या रांगा

आता परत लंडनला चला. ७३ नोंदी संशयात चपखल बसल्या, १० बसल्या नाहीत. तुम्ही काय केलं असतं? ‘एवढं चालायचंच’ म्हणून त्या दहा सोडून दिल्या असत्या?

स्नो यांनी सोडल्या नाहीत. त्यांनी त्या घरांची चौकशी केली. पाच जणांच्या घरचे म्हणाले, की आम्ही पाणी नेहमी ब्रॉड स्ट्रीटहूनच आणवतो, तेच आम्हाला आवडतं. आणखी तीन नोंदी मुलांच्या होत्या. त्यांची शाळा त्या पंपाजवळ होती. राहिल्या दोन. एवढी पटकी साथीच्या आधीही त्या भागात होतीच, असं स्नो यांचं मत पडलं.

उलट्या बाजूचे अपवादही त्यांनी तपासले. पंपापासून जवळच गोरगरिबांना ठेवण्याचं एक मोठं आश्रयगृह होतं. तिथे ५३५ माणसं राहत, पण दगावली फक्त ५. का? तिथे आवारातच स्वतंत्र विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार होते, त्यांतला एकही दगावला नाही. ते तिथली बिअर पीत, पंपाचं पाणी पीतच नसत.

पाहिलंत? संगणकाने ‘७३ आणि १०’ हे उत्तर क्षणात दिलं असतं. पण त्या दहांच्या दारावर जाऊन कडी वाजवणं, हे काम माणसाचंच. तक्ता कोणत्या दारावर जायचं ते सांगतो.

७ सप्टेंबरला स्नो यांनी तिथल्या पंचमंडळींपुढे आपला पुरावा मांडला आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढला गेला. तोवर साथ ओसरू लागली होती, कारण बरेच लोक वस्ती सोडून पळाले होते. हे स्नो यांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. पुढे हेन्री व्हाइटहेड या तरुण पाद्र्याने शोध लावला, की पंपाजवळच्या ४० नंबरच्या घरात साथीच्या अगदी आधी एक तान्हं बाळ आजारी पडलं होतं. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी ज्या मैल्याच्या खड्ड्यात टाकत, तो खड्डा विहिरीलगतच होता आणि गळत होता. गंमत म्हणजे, व्हाइटहेडना स्नो यांचं म्हणणं आधी अजिबात पटलेलं नव्हतं!

करून पाहा

आता तुमची पाळी. आलेखाचा कागद घ्या. एक घर (२,३) या बिंदूवर मांडा. ‘क’ हा नळ (५,७) वर आणि ‘ख’ हा नळ (८,३) वर. घराला जवळचा कोणता? पायथागोरसचं प्रमेय शिकलेल्यांनी करून पाहावं. ‘क’साठी ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, बेरीज २५, म्हणजे अंतर ५. ‘ख’साठी सरळ ६. जवळचा ‘क’. होय ना?

पण थांबा! गल्ल्या काटकोनात असतील आणि मधून जाता येत नसेल तर? ‘क’कडे जायला ३ अधिक ४, म्हणजे ७ चौकोन चालावं लागेल, ‘ख’ मात्र ६ वरच. जवळचा नळ बदलला! स्नो यांना हे नेमकं कळलं होतं. पुढे त्यांनी नकाशा काढला, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आजूबाजूचे पंप पायी चालत सारख्याच अंतरावर पडतील, अशा जागांची रेषा त्यावर आखली. पक्ष्याला जवळ ते डोक्यावर हंडा घेतलेल्या माणसाला जवळ असेलच, असं नाही.

सुट्टीत आपल्या आळीचे असे दोन तक्ते करा. एक घरांचा, एक नळांचा किंवा हापशांचा. अंतर पावलांनी मोजा. मग प्रत्येक घरी विचारा, पाणी कुठून भरता? पालकहो, मोजायला मुलांबरोबर तुम्हीही चला. जवळचा नळ सोडून लांबच्या नळावर जाणारं घर सापडलं, तर तिथे जरूर थांबा आणि कारण विचारा. कदाचित जवळच्या नळाला पाणीच येत नसेल, आणि हे आजवर कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसेल!