जायकवाडीला शिव्या देऊन झाल्या असतील तर आपला बुजवलेला ओढा बघा



सप्टेंबर २०२५ मध्ये गंगेला पूर आला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, जायकवाडी. धरणातून पाणी कधी आणि किती सोडलं याचा जाब विचारलाच पाहिजे. नदी दुथडी भरली की ओढ्यातून पाणी उलटं शिवारात चढतं, तेव्हा कुठलाच चर कामाला येत नाही, हेही मान्य.

पण गंगा उतरल्यावर काय? नदी खाली गेली तरी वावरात पाणी तसंच. ते काय पैठणवरून आलं होतं? बरंचसं आपल्याच रानावर पडलेलं पावसाचं पाणी. त्याला नदीकडं जायला वाटच राहिली नाही.

आपली जमीन काळी, चिकणी. एकदा फुगली की पाणी खाली मुरत नाही, वरूनच काढून द्यावं लागतं. म्हणून तर जुन्या लोकांनी धुऱ्याच्या कडेनं चर काढले, चर ओढ्याला आणि ओढा गंगेला जोडला. आपण काय केलं? दोन तास जास्त पेरायला मिळावेत म्हणून चर नांगरले. जेसीबी लावून ओढा बुजवला. उरलंसुरलं रस्त्यांनी केलं. भराव उंच आणि खाली एवढीशी नळी, तीही गाळानं भरलेली. दोन तासांच्या लोभात वरच्या चार जणांची रानं चिबडली.

"माझ्याच वावरातून पाणी का जाऊ देऊ?" असं विचारणाऱ्यांनी कायदा वाचावा. महसूल संहिता १९६६, कलम २० : कुणाच्या खाजगी मालकीचे नसलेले ओढे-नाले सरकारचे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ : शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बेकायदा अडवला तर तो अडथळा काढायचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मात्र दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. नंतर बोंबलून उपयोग नाही.

सरकारनं पुरानंतर ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडलेल्या जमिनीला मदत मिळायलाच हवी. पण पाण्याची वाट मोकळी केली नाही तर पुढच्या वर्षी परत पंचनामा, परत रांग.

म्हणून मागणी साधी आहे. ग्रामसभेत गावनकाशा मांडा. त्यावरचा प्रत्येक ओढा जागेवर जाऊन बघा. बुजलेले मोजून घ्या आणि मृगाच्या आधी उकरा. रस्त्याखालच्या नळ्या मोठ्या करायचा ठराव घ्या. आणि सुरुवात पुढाऱ्यांच्या वावरापासून करा, म्हणजे गरिबाला बोलायला तोंड राहील.

भाऊबंदकीत वाईटपणा येईल म्हणून गप्प बसायचं असेल तर खुशाल बसा. पाणी नातं बघत नाही, उतार बघतं.

तुमच्या शिवारातला कोणता ओढा बुजलाय? खाली लिहा. माणसाचं नाव नको, ओढ्याचं लिहा.