'आरोपीला लष्कराच्या ताब्यात द्या' म्हणणं सोपं, पण लष्करी कायदा सांगतो काय?

एखादा भीषण गुन्हा घडला की सोशल मीडियावर 'आरोपीला लष्कराच्या ताब्यात द्या, गोळ्या घाला' अशा कमेंट्स सुरू होतात. पण लष्करी कायदा खरंच असा चालतो का? अहिल्यानगरसाठी हा प्रश्न दूरचा नाही. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे.

जवानाने खून केला तर खटला कुठे?

समजा, नगरमध्ये नेमणुकीवर असलेल्या जवानाने एखाद्या सामान्य नागरिकाचा खून केला किंवा बलात्कार केला. लष्कर कायदा, १९५० च्या कलम ७० नुसार हा खटला कोर्ट मार्शलकडे जात नाही. तो इतर कोणत्याही आरोपीप्रमाणे सत्र न्यायालयातच चालतो. अपवाद तीन: जवान युद्धसेवेवर, देशाबाहेर किंवा सरकारने ठरवून दिलेल्या सीमेवरच्या चौकीवर असेल तर.

लष्करात फाशी कशासाठी?

बंड, शत्रूला मदत, लाजिरवाण्या पद्धतीने चौकी सोडून देणं अशा गुन्ह्यांसाठी. किमान पाच अधिकाऱ्यांचं जनरल कोर्ट मार्शल बसतं आणि मृत्युदंडासाठी दोन तृतीयांश सदस्यांचं एकमत लागतं. फाशी द्यायची की गोळी घालायची, हेही तेच ठरवतं.

मग फरक कुठे आहे?

कोपर्डी प्रकरणात २९ नोव्हेंबर २०१७ रोजी अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. पण सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. दोषीने अपील केलं नाही, तरीही.

कोर्ट मार्शलने दिलेला मृत्युदंड मात्र आपोआप उच्च न्यायालयात जात नाही. त्याला मंजुरी देतं केंद्र सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेला लष्करी अधिकारी. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, पण ते दार जवानाला स्वतः ठोठवावं लागतं.

याने काय बिघडतं?

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने महाराष्ट्राचे कुलभूषण जाधव यांना बंद दाराआड मृत्युदंड सुनावला. भारतीय अधिकाऱ्यांना त्यांना भेटूही दिलं नव्हतं. भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १७ जुलै २०१९ रोजी त्या न्यायालयाने पाकिस्तानला शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितलं.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निकालातला मुद्दा साधा होता: माणसाचा जीव घेण्याआधी निकाल नीट तपासला जावा. कोपर्डीसारख्या खटल्यात ही तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यात वेळ जातो, पीडितेच्या कुटुंबाला वाट पाहावी लागते, संताप येतो. पण फाशी एकदा दिली की चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून ही पायरी गाळता येत नाही. आरोपी गणवेशातला असो वा नसो.