नववा महिना लागण्याआधी

मैत्रिणींनो, बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं जुन्या बायका म्हणत ते उगीच नव्हे. २००१-०३ मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. घरची बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, हे त्याचं मोठं कारण.

पण आमच्या सालेकसा तालुक्यातल्या जंगलकाठच्या गावाहून गोंदियाच्या बाई गंगाबाई रुग्णालयात पोचायचं, तर वाटेतच बराच वेळ जातो. बाळंतिणीच्या अंगावरून फार गेलं, तर काही तासांत जीव जाऊ शकतो. तेव्हा "हे येऊ देत, मग बघू" म्हणून चालत नाही.

म्हणून नववा लागण्याआधीच ठरवा: जायचं कुठं, १०८ ची गाडी आली नाही तर कोणाची, रक्त कोण देईल, थोरलं लेकरू कोणाकडे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल, तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या नेमानं घ्या. गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. आपल्या भागात सिकलसेल आढळतो, तीही तपासणी करून घ्या.

आणि अशा वेळी निघायला कोणाच्या परवानगीसाठी थांबायचं नाही, हे सासूबाईंशी, यजमानांशी आजच बोलून ठेवा.